मुरुडचा समुद्र आणि मुरुडचा माणूस

आमच्या चोपड्यात समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीच्या बागा. ही तापीमाई सुरतेपलीकडे सागराला मिळते हे शाळेत घोकले होते. पण तिच्या मागोमाग जायला सवड कुणाला? तरी दापोली तालुका आम्हां खानदेशकरांना अगदीच परका नाही. पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायला आले आणि खानदेशचेच होऊन गेले. "एकदा गुरुजींचा मुलूख पाहू या," असा सौ.ने गेल्या थंडीत हट्ट धरला, आणि खेड स्टेशनावर उतरून दापोलीमार्गे आम्ही मुरुड गाठले. जंजिऱ्याचे मुरुड निराळे. हे रत्नागिरी जिल्ह्यातले.

गाव टुमदार. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून डोकावणारी कौलारू घरे आणि वाड्यांपलीकडे समुद्राची अखंड गाज. दुर्गादेवीच्या देवळातले लाकडी खांब आणि त्यांवरचे कोरीवकाम पाहताना मान दुखेपर्यंत वर बघत राहावे. जिथे उतरलो त्या घरच्या काकूंनी सोलकढी पुढे केली, तेव्हा शेवभाजीवर वाढलेल्या आमच्या जिभेने आधी जरा विचार केला आणि मग दुसरी वाटी मागितली.

संध्याकाळी हर्णैला गेलो. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगात आला होता. बोली कधी चढली आणि कधी तुटली हे आमच्या शाकाहारी डोक्याला उमगले नाही. पण जळगावच्या बाजारातली केळीची घासाघीस त्यापुढे मवाळ वाटली. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. मराठ्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे, आंग्र्यांचा बळकट आधार. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांशी बिनसल्यावर पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि कमोडोर जेम्सने हा किल्ला घेतला. आपल्याच आरमाराचे पंख आपणच परक्याकडून छाटून घेतले! लाटा मात्र तटावर तशाच आपटत असतात.

पण मुरुड मनात राहिले ते किल्ल्यामुळे नव्हे, एका माणसामुळे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे इथले. परीक्षेसाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत पायी गेला, आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गावाच्या भल्यासाठी त्यांनी 'मुरुड फंड' उभा केला होता. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. घरच्यांनी जवळ केले तर त्यांच्यावरही बहिष्काराची टांगती तलवार! स्वतःच्या आईला मुलाला मोकळेपणी घरात घेता येऊ नये, यापरती शिक्षा कोणती?

कर्वे भांडले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे हिंगण्याच्या माळावर संस्था रुजवली, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' मिळाले. आज मुरुडात त्यांचे स्मारक आहे आणि गाव ते अभिमानाने दाखवते.

स्मारकापाशी सौ. बराच वेळ उभी होती. तिच्या आजीने केशवपनानंतरची चाळीस वर्षे माजघरात काढली होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, हिंगणे आमच्या आजीपर्यंत पोहोचलेच नाही."

यावर मी काय बोलणार? सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला. म्हणजे वाळीत टाकण्याची खोड तोवर आपल्यातून गेली नव्हती. वाचकहो, मुरुडला जरूर जा. वाळूत बसा, सुवर्णदुर्ग पाहा, सोलकढी प्या. आणि त्या स्मारकापुढे क्षणभर थांबून मनाला विचारा, पुढे ज्याचे स्मारक उभारावे लागेल असा कुणी आज आपल्याच आळीत एकटा पडलेला नाही ना?