सहल म्हणजे चैन नव्हे : नागसेनवन ते वेरूळ

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन कुठेतरी फिरून यावे, असा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. आठवडाभर कारखान्यात, बांधकामावर नाहीतर दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून शिणलेल्या माणसाला रविवारी अंग टाकावेसे वाटते, हे खरे. पण त्यापेक्षाही मनात एक गोष्ट घट्ट बसलेली असते की, फिरणे ही पैसेवाल्यांची चैन आहे. तो खर्च आपल्याला झेपायचा नाही. मुले मग दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात आणि आपण त्यांच्यावर ओरडत राहतो.

आमच्या वस्तीतल्या पाच घरांनी मिळून ठरविले की, लागोपाठच्या तीन रविवारी आपल्याच शहरात आणि जवळपास हिंडायचे. लहानथोर धरून बावीस माणसे झाली. हॉटेलात जेवायचे नाही, खासगी गाडी करायची नाही, भाकरी घरून न्यायची, एवढे नियम केले. शहर म्हणजे आपले औरंगाबाद, ज्याचे अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. परदेशी पाहुणे विमानाने येऊन जे पाहून जातात, ते आपल्यापैकी कित्येकांनी येथे जन्म काढूनही पाहिलेले नाही. म्हणून हा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिला रविवार : गुलामाने वसविलेले शहर आणि बाबासाहेबांचे नागसेनवन

सुरुवात भडकल दरवाजापासून केली. येथे बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला अख्खे शहर येथे लोटते. पण पुतळ्याला अभिवादन करून आपण परततो, शेजारच्या दरवाजाकडे मान वर करून पाहत नाही. हा भव्य दरवाजा मलिक अंबरने बांधला. हा मलिक अंबर आफ्रिकेतील हबशी मुलुखात जन्मला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात दख्खनमध्ये पोचला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी नावाच्या ठिकाणी हे शहर वसविले. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून त्याने शहरात आणले. विकल्या गेलेल्या माणसाने शहर उभे केले, ही गोष्ट आमच्या मुलांना फार आवडली.

तेथून पाणचक्की जवळ आहे. मलिक अंबरनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकात ती बांधली गेली. लांबून नळाने आणलेले पाणी उंचावरून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरत असे आणि दर्ग्यातील फकीर-वाटसरूंसाठी धान्य दळले जात असे. वीज नाही, बैल नाही, नुसते पाणी. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात जे डोक्यात शिरत नाही, ते पोरांना येथे पाच मिनिटांत कळले.

दुपारची भाकरी खाऊन आम्ही नागसेनवनात आलो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईला १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली मराठवाड्यात येऊन येथे महाविद्यालय सुरू केले. तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अगदी तोकडी होती. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. महाविद्यालयाला नाव मिलिंदाचे आणि परिसराला नाव भिक्खू नागसेनाचे. राजा मिलिंदाने प्रश्न विचारावेत, नागसेनाने न रागावता त्यांची उत्तरे द्यावीत, अशी ती जोडी. विद्यार्थी प्रश्न विचारणारा असावा आणि गुरू उत्तर देणारा असावा, हे बाबासाहेबांनी नावातच सांगून ठेवले आहे.

याच मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थी घडविले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी येथे शिकविले आणि 'अस्मितादर्श'मधून खेड्यापाड्यांतल्या मुलांना लिहिते केले. फाटक्या सदऱ्यानिशी आलेली मुले येथून वकील, प्राध्यापक, अधिकारी होऊन बाहेर पडली. आज आपल्या समाजात जी पहिली शिकलेली पिढी दिसते, तिच्यातील अनेकांची पाळेमुळे या आवारात आहेत.

पुढे विद्यापीठाचे गेट. वाचकांना त्याचा इतिहास ठाऊक आहेच, पण मुलांना ठाऊक नव्हता. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील गावोगावी आपल्या वस्त्या पेटविण्यात आल्या. पोचिराम कांबळे, जनार्दन मवाडे यांचे प्राण गेले. पुढे १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. एका नावासाठी सोळा वर्षे! म्हणूनच दर १४ जानेवारीला आयाबाया या गेटसमोर माथा टेकवितात.

आमच्यासोबतची एक दहावीतली मुलगी गेटच्या आत जाऊन बराच वेळ झाडांच्या रांगेकडे पाहत होती. मग तिने हळूच विचारले, "काका, इथं यायला किती टक्के लागतात?" तिच्या आईने आमच्याकडे पाहिले. दहावीनंतर तिला कामाला लावायचे घरात चालले होते. त्या प्रश्नाला लगेच कोणी उत्तर दिले नाही. पण कॉलेज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो प्रश्न तिच्या तोंडून आलाच नसता. त्या दिवशी आमचा खर्च शहर बसचे तिकीट आणि पाणचक्कीचे किरकोळ प्रवेशशुल्क एवढाच झाला.

दुसरा रविवार : बुद्धलेणी

विद्यापीठाच्या मागे डोंगराची रांग आहे. बीबी-का-मकबऱ्यावरून सुमारे दोन किलोमीटर पुढे गेले की औरंगाबाद लेण्यांचा पायथा लागतो. आपले लोक त्यांना बुद्धलेणी म्हणतात. पायऱ्या चढताना म्हाताऱ्यांना दम लागतो, म्हणून सकाळी लवकर निघावे.

ही लेणी दोन मुख्य गटांत आहेत, एक ते पाच पश्चिमेला आणि सहा ते नऊ पूर्वेला. मध्ये सुमारे किलोमीटरभर अंतर आहे. चौथे लेणे चैत्यगृह असून ते सर्वांत जुने. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातील. तिसऱ्या लेण्यात गेल्यावर आमच्या बायका एकदम गप्प झाल्या. आत तथागत बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंना माणसांएवढी माणसे गुडघे टेकून बसली आहेत. पुरुषही आहेत, स्त्रियाही आहेत. ते देव नाहीत, तुमच्या-आमच्यासारखे उपासक-उपासिका आहेत. मूर्तीच्या जवळ, गाभाऱ्याच्या आत स्त्रियांना जागा आहे, हे आमच्या आजीबाईंच्या बरोबर ध्यानात आले.

सातव्या लेण्याच्या दर्शनी भागात अवलोकितेश्वराची मोठी शिल्पाकृती आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ छोटी दृश्ये कोरली आहेत. कुठे आग लागली आहे, कुठे तलवार उगारलेली आहे, कोणी बेडीत आहे, कोणाचे गलबत बुडते आहे, कोणावर सिंह, साप, हत्ती धावून आला आहे आणि एकीकडे मृत्यू उभा आहे. त्या काळच्या व्यापाऱ्यांना, प्रवाशांना वाटेत जी भीती वाटे, ती येथे दगडात आहे. मुलांनी विचारले, हा देव वाचवतो का? आम्ही सांगितले, कोणी आकाशातून येऊन वाचवीत नाही. दुसऱ्याच्या संकटाकडे जो पाठ फिरवीत नाही, त्याच्या करुणेचे हे चित्र आहे. माणसाने माणसासाठी धावून जावे, हाच त्याचा अर्थ. मग खाली बसून सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि ठेचा-भाकरी सोडली.

तिसरा रविवार : वेरूळ

वेरूळ शहरापासून सुमारे तीस किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एस.टी. मिळते. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट असल्याने आमचा खर्च बराच आटोक्यात राहिला.

वाटेत देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला दिसला. तेथे बसमध्येच मुलांना एक हकिकत सांगितली, जी प्रत्येक बौद्ध घरात सांगितली गेली पाहिजे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते. होय, सहलीलाच! वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्यांनी ठरविले होते. वाटेत ही मंडळी दौलताबादला थांबली. प्रवासाच्या धुळीने माखलेली, म्हणून किल्ल्याच्या दारातील हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटविला म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर आले. शेवटी आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर त्यांना किल्ला पाहू दिला आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. परदेशातील मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरची ही गत! स्पृश्य हिंदू ज्याला अस्पृश्य मानतो त्याला इतर धर्मीयही तसेच वागवितात, हे दाखविण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत नोंदविला आहे.

आज आपण तिकीट काढून, ताठ मानेने, बाटलीतले पाणी पीत तो किल्ला चढू शकतो. ज्याला आपण फिरणे म्हणतो, तो आपल्या बापाने लढून मिळविलेला हक्क आहे. हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. दारातून आत गेले की सारी गर्दी समोरच्या कैलास लेण्यात शिरते. कैलास जरूर पाहावे, ते थक्क करणारे काम आहे. पण आधी उजव्या हाताला वळावे. बौद्ध लेणी तिकडे आहेत.

दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या आहेत. आमच्यातील एक सुतारकाम करणारे गृहस्थ तेथून हलेनात. अकराव्याचे नाव दोन ताल, पण मजले तीन. खालचा मजला मातीत गाडला गेला होता, तो १८७६ साली मोकळा झाला. नाव मात्र दोन तालच राहिले. आपल्या इतिहासाचेही असेच झाले आहे, असे आमच्यातील एकजण म्हणाले ते सर्वांना पटले.

आणि पाचवे लेणे. त्याचे नाव 'महारवाडा'. जेम्स बर्जेस यांच्या एकोणिसाव्या शतकातील ग्रंथातही ते याच नावाने आले आहे. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मधोमध जमिनीलगत दगडातच कोरलेली दोन लांब, बुटकी आसने. भिक्खू येथे ओळीने बसून पठण किंवा भोजन करीत असावेत, असे अभ्यासक मानतात. संघात न्हावी उपाली होता, झाडलोट करणारा सुनीत होता, राजपुत्रही होते. पंगत एकच. ज्या नावाने गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले, तेच नाव या समतेच्या सभागृहाला चिकटले. हेतू काहीही असो, आम्ही बावीस माणसे त्या आसनांच्या बाजूला शांत बसलो आणि पोरांना सांगितले, हे नाव ऐकून खाली पाहायचे नाही, वर छताकडे पाहायचे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. पुरातत्त्व खात्याने २०१८ साली केलेल्या दरांप्रमाणे वेरूळला भारतीय नागरिकांना ४० रुपये आणि औरंगाबाद लेणी व मकबरा येथे प्रत्येकी २५ रुपये तिकीट आहे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. जाण्यापूर्वी दर विचारून घ्यावेत. लेण्यांत आत अंधार असतो, बॅटरी न्यावी. शिल्पांना हात लावू नये, हळद-कुंकू, मेणबत्ती, अगरबत्ती लावू नये. धुराने दगड काळा पडतो. भिंतीवर नावे कोरणाऱ्याला आपण स्वतः अडवावे. पाणी घरून भरून घ्यावे आणि खरकटे, पिशव्या परत आणाव्यात. मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि घरी आल्यावर काय पाहिले ते लिहायला लावावे. बाहेरगावच्या बांधवांनी आपल्या विहाराच्या वतीने अशी सहल काढली तर माणशी खर्च आणखी कमी होतो.

बाबासाहेबांच्या जयंतीला वर्गणी देताना आपण हात आखडता घेत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यातलाच थोडा पैसा वर्षातून एकदा वस्तीतल्या मुलांना कॉलेज दाखविण्यासाठी, लेणी दाखविण्यासाठी खर्च व्हावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. जे पाहिलेलेच नाही त्याची ओढ मुलांना कशी लागणार?

ती दहावीतली मुलगी आता अभ्यासाला बसते. तिच्या आईबापांनी कामाचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. पुढचे पुढे पाहू. तोवर वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी भाकरी बांधा आणि लेकरांना घेऊन निघा.

जयभीम!