भोपळ्याचा आवाज

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज वाढवायला विजेचं यंत्र लागतं. तंबोऱ्याला लागतो आपल्या रानातला भोपळा! मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या हातानं तंबोरे घडवतात. त्यांना भोपळा पुरवतो तो पंढरपूर भागातला शेतकरी. हा भोपळा कडू, भाजीला निरुपयोगी. पण आकारानं गोल, सालीनं जाड हवा आणि पुरता वाळलेला हवा. अवकाळी पावसात पीक कुजलं, की कारागिराचेही हात थांबतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण बी शेतकऱ्याच्याच गाडग्यात आहे ना! आम्ही शेतीखात्याची माणसं पिकाचं मोल क्विंटलात सांगतो. या पिकाचं मोल मला तंबोऱ्याला कान लावल्यावर कळलं. ज्यांच्या घरी हे बी असेल, त्यांनी ते जपावं, एवढंच सांगणं.