ओढणारी की ढकलणारी

आमच्या अण्णांच्या गॅरेजात गाड्यांच्या दोनच जाती होत्या: ओढणाऱ्या आणि ढकलणाऱ्या. गॅरेज नाशिकरोडला होतं आणि माझ्या लहानपणी तिथे येणाऱ्या गाड्या सगळ्या ढकलणाऱ्याच. अँबॅसिडर, फियाट, दादर-नाशिक फेऱ्या मारणाऱ्या टॅक्स्या. इंजिन पुढे, जोर लागणार मागच्या चाकांना आणि मधे पोटाखालून गेलेला लांब शाफ्ट. कसारा घाट चढून चढून त्या शाफ्टचे क्रॉस झिजायचे. गिअर टाकला की खालून ‘टण्’ आवाज यायचा. मिस्त्रीचाचा हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे, “क्रॉस गेला.”

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत पहिली मारुती आमच्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा चाचा गाडीखाली सरपटत गेले आणि खालूनच ओरडले, “शेठ, हिचा शाफ्ट कुठाय?” ही ओढणारी होती. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच बाजूला आणि दोन आखूड शाफ्ट थेट पुढच्या चाकांत. आडवं इंजिन आणि जोर पुढच्या चाकांना, ही मांडणी ॲलेक इसिगोनिस यांनी 1959 च्या मिनीत करून दाखवली होती, पण आमच्या गॅरेजात ती पोचायला पाव शतक गेलं. अण्णांना ती आवडली नाही. भगूरच्या एका गिऱ्हाइकाची मारुती ओल्या चढावर जागेवर चाकं फिरवत राहिली, तेव्हा त्यांनी ती उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढवली. “ओढणारीला चढावर ढकलणारी करायची,” एवढंच म्हणाले. शाळेतल्या सायन्सच्या बाईंपेक्षा मला ते वाक्य जास्त समजलं. चढावर गाडीचं वजन खालच्या अंगाला सरकतं. ज्या चाकांवर वजन, त्यांची पकड. रिव्हर्समध्ये चढवली की जोर लावणारी चाकं खालच्या अंगाला येतात.

पुढे मी स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, देवळाली कॅम्पात आले, रेस्ट कॅम्प रोडजवळच्या एका जुन्या बंगल्यात खाली दवाखाना आणि वर घर. गाड्या सगळ्या ओढणाऱ्याच घेतल्या, कारण लहान-मध्यम गाड्यांत दुसरं फारसं काही मिळत नव्हतं. 2022 च्या पावसाळ्यात मात्र आम्ही मोठी सेडान घ्यायचं ठरवलं आणि अण्णांचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला.

ड्रायव्हर आम्ही ठेवत नाही. मीच चालवते. आमचे हे भूलतज्ज्ञ आहेत, पण गाडीत बसल्यावर पहिली भूल त्यांना स्वतःलाच चढते. मागे सासूबाई, गुडघ्यांनी त्रस्त. सुट्टीत नणंद आणि तिची मुलगी आली की मागच्या सीटवर तिघी.

ह्या वर्गात तेव्हा दोन्ही जाती समोरासमोर उभ्या होत्या, ही मौज. मर्सिडीजची सी-क्लास आणि बीएमडब्ल्यूची 3 सीरिज ढकलणाऱ्या. ऑडीची ए4, व्होल्वोची एस60, लेक्ससची ईएस ओढणाऱ्या. बिल्ल्यावर जाऊन उपयोग नाही, कारण मर्सिडीजचीच ए-क्लास लिमोझीन आणि बीएमडब्ल्यूचीच 2 सीरिज ग्रॅन कूपे पुढच्या चाकांवर चालतात. पुण्याहून मुलगा फोनवर सांगत होता, “आई, खरी लक्झरी म्हणजे रिअर व्हील. बाकी सगळं दिखाऊ.” त्याच्या बोलण्यात चालवण्याच्या अनुभवापेक्षा मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ जास्त होते. दोन शोरूमनी एकेक गाडी चांगली दिवसभर चालवायला दिली. नावं लिहीत नाही. विक्रेते दोन्हीकडचे भले होते आणि मला चाकांबद्दल बोलायचं आहे.

पहिला धक्का उभ्या गाडीतच बसला. माझा समज असा, की ओढणाऱ्या गाडीत मधून शाफ्ट जात नाही, म्हणजे मागे पायाखाली सपाट. होंडाच्या 2006 मधल्या सिव्हिकमध्ये मागची जमीन खरोखर टेबलासारखी होती. नणंदेसाठी मी हा मुद्दा जवळजवळ निकाली काढला होता. मागे बसून पाहिलं, तर ओढणारीतही मधोमध चांगला गुडघ्याला लागणारा उंचवटा. कारण साधं आहे. ह्या गाड्यांचा सांगाडा चारही चाकांना जोर देणाऱ्या आवृत्तीसाठीही तोच वापरतात, काहींत तिथे बॅटरी बसवतात. आपल्याकडे ती आवृत्ती विकली जात नसली तरी पत्रा त्याच साच्यातून निघतो. लहान गाडीत पुढच्या चाकांचा जो सगळ्यात मोठा फायदा, जागा, तो ह्या वर्गात निम्मा उरतो. हे शोरूमवाले आपण होऊन सांगत नाहीत, आणि विचारलं तर उंचवट्यावर हात ठेवून “मॅडम, आर्मरेस्ट खाली घ्या” म्हणतात.

सासूबाईंचा अभिप्राय दोन्ही गाड्यांना सारखाच होता. “बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं गं.”

रस्ता मी नेहमीचा घेतला. कॅम्पातून भगूर, पुढे पांढुर्ली, तिथून घोटी-सिन्नर रस्त्याने घोटी, इगतपुरी, मग कसारा घाट उतरायचा आणि परत चढायचा. दोन्ही दिवशी पाऊस होता आणि दोन्ही दिवशी गाडी भरलेली होती. एकट्याने गाडी पळवून पाहणाऱ्यांना ह्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळतं.

पांढुर्लीच्या अलीकडे शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळी माती रस्त्यावर आणून टाकलेली होती. पाऊस पडला की तिचं लोणी होतं. ओढणारी तिथून नाक सरळ धरून निघून गेली. इंजिनाचं वजन जोर लावणाऱ्या चाकांवरच बसलेलं, सपाटीवर ह्याच्यापेक्षा चांगली पकड दुसरी नाही. ढकलणारीचं शेपूट त्याच जागी किंचित हललं. तसूभरच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, कॉम्प्युटरने इंजिनाचा जोर कमी केला, एका चाकाला ब्रेक लावला आणि गाडी सरळ झाली. ह्यांची झोप मोडली नाही. अण्णांच्या काळात ह्याच मातीत फियाट घालायची तर डिकीत शहाबादी फरशा टाकून मागचं अंग जड करावं लागे. आज तो फरशांचा भार एक सेन्सर उचलतो. पण पांढुर्लीचा गुण ओढणारीलाच द्यायला हवा.

घाटात चालत्या गाडीत मला काहीच फरक कळला नाही. बीएमडब्ल्यूवाले पुढे-मागे वजन जवळपास 50-50 वाटल्याचं अभिमानाने सांगतात. ओढणाऱ्या गाडीत ते साधारण 60-40 असतं, पुढे जड. म्हणून वळणावर वेगात घातली तर ओढणारी बाहेरच्या अंगाला जाऊ पाहते. हे सगळं खरं, पण ट्रकमागून, धुक्यात, सासूबाईंना घेऊन कसारा चढणाऱ्या बाईला त्याची चव कळायचं कारण नाही. फरक कळला तो गाडी थांबल्यावर. वर कुठे तरी कंटेनर बंद पडला होता, रांग लागली होती, दोन गाड्यांएवढं पुढे सरकायचं आणि पुन्हा थांबायचं. ओल्या चढावर, मागे तिघी आणि डिकीत बॅगा, असं दर वेळी उठताना ओढणारीची पुढची चाकं क्षणभर जागेवर फिरली, पिवळा दिवा लागला, गाडी अडखळली, मग निघाली. धोका काहीच नाही. पण सीटवरच्या माणसाची मान दर वेळी एकदा पुढे जायची. ढकलणारी त्याच रस्त्यावर नुसती उठली आणि निघाली. चढ, मागची माणसं, निघताना मागे रेलणारं वजन, हे सगळं तिच्या बाजूचं. भरलेल्या सेडानला मागच्या चाकांचा खरा फायदा इथे मिळतो.

आणि स्टिअरिंग. घोटी रस्त्यावर ट्रक ओलांडताना ॲक्सिलरेटर दाबला, तसं ओढणारीचं चाक हातात एका बाजूला किंचित ओढलं गेलं. तक्रार करावी एवढं नाही. बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही. माझी सगळी हयात पोटावर हात ठेवून आत बाळाचं डोकं कुठे आहे ते चाचपण्यात गेली, त्यामुळे तळहात नको तेवढे चौकस. पुढच्या चाकांना वळायचंही आहे आणि गाडी ओढायचीही आहे. दोन्ही कामं एकदम मागितली की ती थोडी कुरकुर करतात. ढकलणारीत त्यांना वळण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. हातात येतो तो फक्त रस्ता.

शेवटचा निकाल मात्र आमच्या बंगल्याच्या गेटवर लागला. दगडी खांबांचं जुनं गेट, टांग्याच्या काळातलं. समोरची गल्ली अरुंद, त्यात पेशंटांच्या रिक्षा. ओढणारी आत घेताना पुढे-मागे करावं लागलं, डावा आरसा खांबापासून चार बोटांवर. ढकलणारी एका दमात वळली. पुढच्या चाकांत शाफ्टचे जॉइंट नसले की ती जास्त तिरकी होऊ शकतात, आडवं इंजिन नसलं की त्यांना वळायला जागाही मोकळी मिळते. लंडनच्या टॅक्स्या एवढ्याशा जागेत फिरतात त्याचं हे एक कारण, त्याही बहुतेक मागच्या चाकांवर चालतात. आमच्या ह्यांनी वरच्या खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, “झालं? आलीस पण?” रात्री दोनला सिझेरियनसाठी बोलावणं आलं की मला हेच गेट ओलांडायचं असतं. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब राहतात. देवळालीत तोफखान्याची शाळा, त्यामुळे आमच्याकडे वाहनांवर बोलणाऱ्यांची वानवा नाही. त्यांना दोन्ही पर्याय पोरकट वाटत होते. “डॉक्टरसाहेब, चिखलात तोफ न्यायची तर सगळ्या चाकांना ताकद पाहिजे. आमच्या बोफोर्सला तर स्वतःचं इंजिन होतं, ट्रक सोडला तरी ती आपली आपण सरकायची.” मी म्हटलं, मला गोळा टाकून जागा बदलायची नाहीये. तरी त्यांचं म्हणणं खरं आहे. चारही चाकांची गाडी दोघींपेक्षा सरस, पण ती महाग, जड आणि तेल जास्त पिणारी, आणि वर्षातले आठ महिने कोरड्या रस्त्यावर तिचं करायचं काय?

पैशाचा प्रश्न उरला होता. सी-क्लास त्या वर्षी एक्स-शोरूम 55 लाखांपासून सुरू होत होती, ए4 चाळिशीच्या घरात. ढकलणारीसाठी दहाहून जास्त लाख मोजायचे, तेही एका चढावरच्या धक्क्यासाठी आणि एका गेटसाठी? “त्यात नवं सोनोग्राफी मशीन येतं,” हे म्हणाले. बरोबर होतं. सपाट गावात, रुंद गेटाच्या घरात, एकट्या-दुकट्या माणसाला मी आजही ओढणारीच घ्यायला सांगेन आणि उरलेले पैसे बँकेत टाकायला. आम्ही ढकलणारी घेतली. सोनोग्राफीचं मशीन पुढच्या वर्षी कर्जावर आलं.

मिस्त्रीचाचा आता ऐंशीच्या पुढे आहेत. नातसुनेला तपासणीसाठी घेऊन आले तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सल्ला दिला, “डॉक्टरताई, डिफरन्शियलचं ऑइल विसरू नका. नव्या पोरांना ते असतं हेच माहीत नसतं.” सर्व्हिसच्या वेळी मी ते आवर्जून विचारते.

2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला. आता मुंबईला जाताना इगतपुरीजवळ सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यात शिरायचं आणि घाट डोक्यावर ठेवून पलीकडे निघायचं. पहिल्या दिवशी बोगद्यात हे चक्क जागे होते. “तुझे घाटाचे दहा लाख इथे गेले,” म्हणाले. मी गेटाची आठवण करून दिली.

मुलाला पुढची गाडी विजेवरची हवी आहे. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई ह्या दोन्हींत मोटर मागच्या चाकांवर आहे, म्हणजे ढकलणाऱ्याच, आणि लांब शाफ्टही नाही. त्याने हे सगळं आजीला फोनवर उत्साहाने समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते असू दे रे. चढायला पायरी आहे का, ते विचार आधी.”