मोजकी भांडी

गोंदिया हा धानाचा जिल्हा. येथे पाहुण्याचा मान भाताच्या ढिगावर मोजला जातो. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेत माझ्या जठराचा बराच भाग काढल्यावर स्वयंपाकघरातील मोठे गंज निरुपयोगी ठरले. मिक्सर, वजनकाटा, लहान वाटी व चहाचा चमचा एवढेच कामाचे उरले. आरंभी केवळ पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, पुढे मऊ वरण, अंडे. प्रथिने आधी, भात शेवटी, कारण तो गोळा होऊन अडतो.

वाटीच तेवढी जड गेली. एका घरी आजीबाईंनी ताट वाढले आणि मी झोळीतून वाटी काढली. त्या गप्प झाल्या.

“फादर, आमचं काही चुकलं का?”

आता ती वाटी मी दारातच त्यांच्या हाती देतो, त्याच भरतात.