जामखेडला शिकलेली मोजणी

नगरहून जामखेडला जाणारी एस.टी. जिल्हा सोडून पुन्हा जिल्ह्यातच येते. चिचोंडी पाटील मागे पडलं की थोड्या वेळात बीड जिल्ह्याची हद्द लागते. कडा येतं, आष्टी येतं, आणि जामखेडला उतरतो तेव्हा आपण परत नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात असतो. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं शिक्षक निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. मध्येच बाभळी, मध्येच नुसता मुरमाड माळ. पाऊस या भागावर कधीच फारसा मेहरबान नसतो, हे खिडकीतूनच कळत होतं.

जामखेड तालुका दोन जागांसाठी ओळखला जातो. एक चोंडी, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. दुसरं खर्डा, जिथे १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. शेजारच्या सीटवरच्या बाबांनी विचारलं, "किल्ला बघायला चाललात का?" आम्ही म्हणालो, "नाही बाबा, दवाखाना." त्यांनी आमच्याकडे काळजीने पाहिलं. आमच्यापैकी कोणी आजारी नव्हतं. पण जाण्याचं कारण एका आजाराशीच जोडलेलं होतं, ते आधी सांगायला हवं.

आमच्या मोहल्ल्यात जमातीच्या तरुणांनी आणि आम्ही शिक्षकांनी मिळून मोहल्ला सुधारण्याचं काम हाती घेतलं होतं. घरोघर पाहणी केली, आरोग्य शिबिर घेतलं, मुलांना वह्या वाटल्या, नळासाठी अर्ज केले. वर्ष संपल्यावर शादीखान्यात अहवाल वाचला. इतक्या लोकांची तपासणी, इतक्या वह्या, इतके अर्ज. टाळ्या झाल्या, हार झाले. तो अहवाल आम्हीच लिहिला होता आणि मनातून आम्ही खूशही होतो.

पुढच्याच पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गल्लीत दोन वर्षांचं एक लेकरू हगवणीने गेलं. त्या गल्लीत फकीर, शिकलगार आणि दरवेशी बिरादरीची तेवीस घरं आहेत. काही घरांत विधवा किंवा तलाक झालेल्या बाया एकट्याने संसार ओढतात. जनाज्याला मोजकीच माणसं होती. मातमपुर्सीला गेलो तेव्हा लेकराची दादी म्हणाली, "मास्टरसाब, तुम्हारे कँप में हमकू कौन बुलाया?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. घरी येऊन आम्ही पाहणीची वही उघडली. नाल्यापलीकडचं एकही घर त्यात नव्हतं. कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. मोजणारी पोरं मशिदीपासून निघाली आणि नाल्यापाशी थांबली, एवढंच. पण वहीच्या शेवटी आम्ही लिहिलं होतं : 'मोहल्ल्याची पाहणी पूर्ण.'

हे सगळं ऐकल्यावर आमच्या ओळखीचे एक निवृत्त मराठीचे सर म्हणाले, "एकदा जामखेड पाहून या."

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली जामखेडला आलं. दोघांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झालं होतं. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले होते. शहरात बस्तान बसवणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी हा दुष्काळी तालुका निवडला. त्या वेळी या भागातल्या गावांत जन्मलेल्या दर १,००० बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक सहावं बाळ. कारणं साधीच होती : हगवण, धनुर्वात, न्यूमोनिया, आणि या सगळ्यांच्या मुळाशी भूक व घाण पाणी.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली मुलगी गावात रुजत नव्हती आणि बाया तिच्यापाशी मन मोकळं करत नव्हत्या. मग असं ठरलं की गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी आणि तिला शिकवावं. या बायांतल्या बहुतेक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित होत्या. काहींना नवऱ्याने टाकलं होतं. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्याच बाया आता बाळंतपण करणार, लेकराचं वजन घेणार आणि मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते पाटलाच्या सुनेला शिकवणार होत्या.

हे आपोआप घडलं नाही. शिकायला आलेल्या बायाही आपापली जात घेऊनच आल्या होत्या. त्या रात्री मुक्कामाला राहत तेव्हा सगळ्यांसाठी मिळून एकच मोठी गोधडी असे. थंडीत जात सांभाळायची की ऊब, हे ज्याचं त्यानं ठरवावं. दुष्काळात हातपंपांसाठी विंधनविहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी पाण्याची जागा दाखवणाऱ्या तज्ज्ञाला सांगितलं की दलित वस्तीतल्या जागा पाहा. पाणी तिथे लागलं, आणि सगळ्या गावाला घागर घेऊन तिथेच यावं लागलं. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवण्याऐवजी इतर रुग्णांसारखेच त्यांच्यावर उपचार झाले.

या गोष्टी ऐकताना आम्हाला एक मुद्दा ठळक दिसला. उपेक्षितांना 'सामावून घेणं' म्हणजे आपल्या कार्यक्रमाला त्यांना बोलावणं, असं आम्ही समजत होतो. इथे बोलावणं नव्हतंच. पाणी त्यांच्या दारात काढलं होतं आणि औषधाची पेटी त्यांच्या हातात दिली होती. गरज असणारे उरलेले लोक आपसूक तिकडे गेले.

दुपारी झाडाखाली एक वयस्कर आरोग्य कार्यकर्ती भेटल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत होते. त्यांनी आमचं काम काय, ते विचारलं. आम्ही शिबिराचं सांगितलं, वह्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमच्या गल्लीत गेल्या साली लेकरं किती जन्मली?"

आम्हाला सांगता आलं नाही.

"त्यातली गेली किती?"

एक माहीत होतं. बाकीची माहीत नव्हती.

"मग तुम्ही मोजलं काय?"

"शिबिराला किती माणसं आली ते."

मावशी हसल्या. "आलेली तर दिसतातच की. मोजायची ती न आलेली."

त्यांनी टोमणा मारला नव्हता, रोजची रीत सांगितली होती. गावात कोण गरोदर आहे, कोणाचं बाळ किती दिवसांचं आहे, कोणाला टोचायचं राहिलं, कोण मेलं आणि कशाने मेलं, याची नोंद ठेवणं हे या बायांचं पहिल्यापासूनचं काम आहे. ज्या घरात मरण होतं, त्या घराला ओळखणारी बाईच ते मोजते. त्यामुळे आकडा लपत नाही, आणि आकड्यामागचं घरही हरवत नाही.

त्या मोजणीतून काय दिसलं? हजारी १७६ हा आकडा पंचवीस वर्षांत तिसाच्या आत आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९७८ साली जगातले देश 'सर्वांसाठी आरोग्य'चा विचार करायला अल्मा-आटाला जमले, तेव्हा जामखेडचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. २००५ पासून देशभर आलेल्या 'आशा' ताईंमध्येही याच विचाराची छाया दिसते.

पण संस्थेने स्वतःचं काम स्वतः मोजलं तर शंका घ्यायला जागा राहतेच. म्हणून आम्हाला २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेला अभ्यास जास्त मोलाचा वाटला. संशोधकांनी प्रकल्पाची गावं आणि त्याच जिल्ह्यातली तशीच दुसरी गावं यांची तुलना केली. प्रकल्पाच्या गावांत, बाळाचा पहिला महिना उलटल्यानंतर, लहान मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के कमी आढळला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. शाळेत आम्ही निकाल लावतो तेव्हा पास झालेल्यांची टक्केवारी फळ्यावर लिहितो आणि नापास कुठल्या विषयात झाले ते बाजूला ठेवतो. चांगली मोजणी दोन्ही सांगते. काय साधलं तेही, आणि कोणतं बाळ अजून हातातून निसटतंय तेही.

परतीच्या गाडीत आम्ही फारसं बोललो नाही. आष्टीच्या स्टँडवर चहा घेताना आमच्यातल्या बाजींनी एक रिवायत आठवून सांगितली. ती सर्वांनाच माहीत आहे. मस्जिदे-नबवी झाडणारी एक स्त्री होती. काही दिवस दिसली नाही म्हणून प्यारे नबी (स.) यांनी तिची चौकशी केली. लोक म्हणाले, ती वारली. तिची बाब त्यांना किरकोळ वाटली होती, म्हणून त्यांनी ती आपल्या नबींच्या कानावरही घातली नव्हती. आपण (स.) म्हणाले की मला का कळवलं नाही, तिची कबर दाखवा. आणि तिथे जाऊन आपण तिच्यासाठी नमाज अदा केली. ही रिवायत आम्ही वर्गात किती वेळा शिकवली असेल! स्वच्छतेचं महत्त्व म्हणून शिकवली. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की ती मोजणीचीही गोष्ट आहे. झाडणारी दिसली नाही, हे एवढ्या मोठ्या जमातीतून एकाच नजरेला जाणवलं.

२००६ चा सच्चर समितीचा अहवाल आपण सभांमधून नेहमी सांगतो. देशाने मुसलमानांना मोजलं आणि मुसलमान किती मागे राहिलेत ते दिसलं, हे खरंच आहे. पण त्याच अहवालात मुसलमानांमधल्या मागास बिरादऱ्यांवर वेगळं प्रकरण आहे. ते प्रकरण आपल्या सभांमध्ये कितीदा ऐकू येतं? सरकारने आपल्याला मोजावं अशी मागणी करणाऱ्यांनी आपल्या नाल्यापलीकडची घरंही मोजायला हवीत.

परत आल्यावर काम पुन्हा सुरू केलं, पण उलट्या बाजूने. मोजणी नाल्यापलीकडच्या शेवटच्या घरापासून सुरू झाली आणि मशिदीपाशी संपली. मोजणारे आम्ही नव्हतो. त्या गल्लीनेच दोन बाया निवडल्या. त्यांतली एक गेलेल्या लेकराची फुप्पी आहे. तिला लिहिता येत नाही. ती घराघरात जाऊन विचारते आणि आठवीतली एक मुलगी वहीत लिहिते. वहीत मोजकेच रकाने आहेत : घरात किती माणसं, बाळ केव्हा जन्मलं, लस कोणती राहिली, जन्माचा दाखला आहे का, शाळा कोणाची सुटली, पाणी कुठून आणतात.

बैठकही शादीखान्यातून हलवली. या बाया दिवसभर धुणीभांडी करतात किंवा भंगार वेचतात. जोहरनंतरच्या सभेला त्या कशा येणार? आता महिन्यातून एकदा मगरिबनंतर त्यांच्याच अंगणात बसतो. पहिल्या दोन बैठकांत त्या बोलल्याच नाहीत. तिसरीत एकीने विचारलं की लेकराच्या दाखल्यासाठी बापाचे कागद लागतात, आणि बापच निघून गेला असेल तर काय करायचं? आमच्या आधीच्या सबंध अहवालात हा प्रश्न कुठेच नव्हता.

एक काळजी मात्र आम्ही घेतो. ही वही सभेत वाचत नाही. कोणाच्या घरात काय नाही, हे चारचौघांत सांगणं म्हणजे त्याची अब्रू उघडी करणं. सभेत फक्त बेरीज सांगायची आणि नावं त्या दोन बायांपाशीच ठेवायची. रमजानमध्ये जकातीची यादी करतानाही हाच नियम पाळला.

वर्षभरात काय बदललं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. नळ अजून आलेला नाही. शाळा सुटलेल्या सहा मुलांपैकी चार परतली, दोन नाही. त्या दोघांतला एक गॅरेजवर आहे आणि त्याच्या पगारावर घर चालतं. त्याला 'शाळेत ये' म्हणण्याआधी त्या घराचं काय करायचं, हे आम्हाला अजून सापडलेलं नाही. गल्लीत वर्षात पाच बाळं जन्मली. अल्हम्दुलिल्लाह, पाचही आहेत. पाचांच्या लशींची नोंद वहीत आहे. मीठ-साखरेचं पाणी करायला फुप्पीने प्रत्येक घरात शिकवलं आहे आणि शिकवताना ती आपल्या भाच्याचं नाव घेत नाही.

यंदाच्या अहवालात शेवटी काय लिहायचं, यावर आम्ही बराच वेळ बसलो होतो. 'पाहणी पूर्ण' लिहायचा धीर कोणालाच होईना. शेवटी फुप्पीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिखो, रेल्वे पटरी के उधर के झोपडे अब्बी बाकी हैं."

तेच लिहिलं आहे. ईदनंतर तिकडे जायचं आहे, इन्शाअल्लाह.