कोतातली थ्री नॉट थ्री

यवतमाळात कॉलेजला असताना एनसीसीत जी थ्री नॉट थ्री आमच्या हाती पडली, ती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. माझा पुतण्या आज टेक्सासमध्ये जी रायफल बाळगून आहे, ती त्याची एकट्याची आहे, पैसे मोजून घेतलेली. दोन्ही एकाच ली-एनफिल्ड घराण्यातल्या, दोन्ही इशापूरच्या रायफल कारखान्यातल्या. पण एक निगुतीनं जपलेली म्हातारी होती आणि दुसरी म्हातारीला कापूनबेतून तरुण केलेली आहे.

एनसीसी 1948 ची. चीनच्या युद्धानंतर 1963 साली ती कॉलेजात सक्तीची झाली. 1968 ला सक्ती गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी गेलो तो आपल्या हौसेनं. कोताचं, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीचं, दार उघडलं की तेलाचा आणि जुन्या फ्लॅनलचा वास यायचा. रायफली ओळीनं उभ्या, ट्रिगर गार्डमधून साखळी ओवलेली, शेवटी कुलूप. काहींवर इंग्रजी मुकुट कोरलेला, काहींवर अशोकस्तंभाचे सिंह. मुकुटवाली आपल्या वाट्याला यावी म्हणून पोरं आतून धडपडायची. मला सिंहाची आवडायची. तिच्या मॅगझीनपुढं लाकडातून आडवा गेलेला एक जास्तीचा स्क्रू होता, लाकूड चिरू नये म्हणून इशापूरवाल्यांनी घातलेला. दुसऱ्याच्या रचनेत आपल्या माणसांनी केलेली ती सुधारणा मला फार मोलाची वाटायची, अजूनही वाटते.

फायरिंग क्वचितच व्हायचं, साफसफाई मात्र कायम. बटच्या पितळी झाकणामागं दोन वस्तू असायच्या, तेलाची पितळी कुपी आणि पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. वजन चेंबरकडून नळीत सोडायचं, दोरीच्या फासात चिंदी अडकवायची आणि एका दमात, न थांबता, तोंडाकडून ओढून घ्यायची. साफ करायची चिंदी चार इंच बाय दोन, तेलाची चार बाय दीड. जाड चिंदी नळीत अडकून दोरी तुटली की शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मररची वाट बघत बसावं लागे, म्हणून चिंदी फाडण्याचं काम नवख्याला कुणी देत नसे.

फायरिंगच्या दिवशी चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलेलं असायचं. जुन्या काडतुसाच्या टोपीतला मसाला जळल्यावर नळीत क्षार सोडतो. तो क्षार हवेतली ओल ओढतो आणि श्रावणात एका रात्रीत नळीला तांब धरते. तेलानं तो निघत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून फनेल लावून उकळतं पाणी नळीतून सोडायचं. तापलेली नळी स्वतःच्याच उष्णतेनं आतून सुकायची, मग कोरडी चिंदी, मग तेल. या सगळ्याचं कारण आम्हाला विचारावं लागलं नाही. उस्तादांनी एकदा न धुतलेली नळी उजेडाकडं धरून आतून दाखवली, तेवढं पुरलं.

उस्ताद म्हणजे सैन्यातून आम्हाला शिकवायला आलेल्या पीआय स्टाफचे हवालदार. रायफल अडली की कॅडेट आधी रायफलीला दोष द्यायचा. ते म्हणायचे, “पहले साफ करो, फिर शक करो.” मग शांतपणे मॅगझीन काढायचे. बहुतेक वेळा भानगड भरण्यात असायची. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली रिम असते. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढं बसली पाहिजे. मागं बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढं जात नाही. जोर लावणाऱ्याला ते हातानं थांबवायचे, ओरडायचे नाहीत. दुसरी ताकीद बोल्टची. साफसफाईला दहा रायफली एकदम उघडल्या तरी बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळवूनच बोल्ट परत घालायचा. प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलीत घासून बसवलेला असतो. दुसरीत तो जातो, पण काडतुसामागची जागा कमीजास्त होते आणि ते फायर करणाऱ्याच्या चेहऱ्यावर बेततं.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा कोताबाहेर बंदूक दिसायची ती दोन ठिकाणी. एखाद्या देशमुखांच्या वाड्यात .315 असायची, ती इशापूरनंच नागरिकांसाठी काढलेली, याच ली-एनफिल्डच्या यंत्रावर. आणि घाटंजी, केळापूरकडं जागलीला जाणाऱ्या एखाद्याजवळ ठासणीची. रानडुकरं आणि रोह्यांपासून वावर राखायला तिचा परवाना देण्याची सोय 1959 च्या शस्त्र कायद्यात आहे. फौजी बोअरची रायफल मात्र तेव्हाही सामान्य माणसाला ठेवता येत नव्हती आणि आजही येत नाही. आता वावराला सौरकुंपण आणि झटका मशीन आली, जागल करणारेही कमी झाले.

थ्री नॉट थ्रीचा जमाना तर डोळ्यांदेखत सरला. 2008 साली छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मुंबईचे पोलीस हीच रायफल घेऊन अतिरेक्यांच्या एके-47 पुढं उभे राहिले. ती दृश्यं पाहताना मला रायफलीची लाज नाही वाटली. ती इतकी वर्षं पोलिसांच्या हाती तशीच ठेवणाऱ्यांची वाटली. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला.

आणि त्याच घराण्याला परदेशात नवं आयुष्य मिळालं. साठच्या दशकात इशापूरनं ली-एनफिल्डची 7.62 मिमीची आवृत्ती काढली, 2ए आणि 2ए1. सैन्यातून निघालेल्या त्या रायफली अमेरिकेत मोडीच्या भावात पोचल्या. तिथं त्यातल्या काहींची नळी आखूड केली, तोंडाला ज्वाला झाकणारं नरसाळं लावलं आणि 1944 च्या जंगल कार्बाईनचं रूप दिलं. पुतण्याकडं आहे ती अशीच एक, जुनी विकत घेतलेली. अंगावर ‘आरएफआय 1967’ कोरलेलं, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. त्यानं फोटो पाठवला तेव्हा मी ती अक्षरं आधी शोधली.

मग तिच्या तक्रारी सुरू झाल्या. काडतूस वर येताना नाक खाली घालतं, बोल्ट अडतो. व्हिडिओ कॉलवर मी आधी त्याला मॅगझीन काढायला, बोल्ट उघडायला आणि चेंबरमध्ये बोट घालून रिकामं असल्याची खात्री करायला लावली. आम्ही ‘जाँच शस्त्र’च्या हुकुमाला तेच करायचो. मॅगझीन बघितलं तर ते तिरक्या बुडाचं निघालं, थ्री नॉट थ्रीचं. आधीच्या कुणीतरी बसवलेलं. 7.62 च्या काडतुसाला बाहेर आलेली रिम नसते, म्हणून 2ए1 चं मॅगझीन वेगळं, चौकोनी असतं. ते मागवलं आणि आजार गेला.

दुसरी तक्रार मोठी होती. बट हलत होतं आणि गोळ्या एका जागी पडत नव्हत्या. पोरगं लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन बटच्या झाकणातून बट धरून ठेवणारा बोल्ट पिळायला निघालंच होतं.

“थांब,” मी म्हटलं, “आधी पुढचं लाकूड उतरव.”

“काका, हलतंय तर बट. पुढचं कशाला काढू?”

बटच्या त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. लाकूड न काढता बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक आतून लाकूड फोडतं. हे मी आमच्या कोतात आलेल्या आर्मररच्या शेजारी बसून पाहिलं होतं. मेच्या उन्हात यवतमाळात लाकूड सुकून आकसतं, स्क्रू ढिले पडतात, म्हणून उन्हाळ्यात आर्मरर पहिला हात ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूला लावायचा. टेक्सासचा उन्हाळा आपल्यासारखाच. पुतण्याच्या रायफलीचाही तोच स्क्रू सैल होता.

सगळं जुनंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आम्ही कानात कापसाचे बोळे घालून फायर करायचो आणि दोन दिवस कान वाजत राहायचे. पुतण्या कानावर मफ आणि डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय रेंजवर पाऊल टाकत नाही. त्याच्या काडतुसात तो क्षार नाही, त्यामुळं पातेल्याची गरज नाही. सुटा भाग आठवड्यात दारात येतो. आमच्याकडं एका फुटक्या स्प्रिंगपायी रायफल महिनोन्‌महिने कोतात पडून राहायची. पण त्याच्याजवळ उस्ताद नाहीत. रायफल एकट्याची, म्हणून तिचा आजारही एकट्याचा. आमची रायफल आज माझ्या हाती, उद्या दुसऱ्याच्या खांद्याला लागणार, हे ठाऊक असल्यानं बोल्टच्या नंबरची काळजी आपोआप यायची. ती काळजी मला त्याला शब्दांतून द्यावी लागते आणि ते अवघड जातं.

आता बट घट्ट बसलं आहे. पाच गोळ्या हाताच्या पंज्याएवढ्या जागेत येतात, पण सगळ्या डावीकडं. त्याला सांगितलंय, फोरसाइट डावीकडंच सरकव, गोळी चुकते त्याच बाजूला, आणि एका वेळी केसभर. त्यानं दोनदा विचारलं, “नक्की डावीकडंच ना, काका?” नक्की डावीकडंच.