रांजणगांव ते कुंभार्ली : एका जुन्या मोटारीचा शोध

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें (अहिल्यानगर हें नवें नांव आमच्या तोंडीं बसावयास अजून थोडा अवकाश लागेल) सुमारें पन्नास किलोमीटर गेलें म्हणजे रांजणगांव लागतें. अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें हें स्थान वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पहाटे निघावें, दर्शन घ्यावें, बाहेरच्या दुकानांतून पेढे घ्यावे आणि दुपारच्या जेवणास घरीं परतावें, असा पुष्कळ घरांचा परिपाठ आहे. परंतु तेथेंच जी औद्योगिक वसाहत पसरली आहे, तिच्यांत फियाटचा कारखाना आहे, आणि कांहीं वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतील अनेक डिझेल मोटारींचें काळीज तेथें तयार होत असे, ही गोष्ट दर्शनास येणाऱ्या मंडळींपैकीं थोड्यांसच ठाऊक असते. १२४८ घनसेंटिमीटरचें तें लहानसें इंजिन मूळचें इटालियन; २००३ सालीं पोलंडांत त्याचें उत्पादन सुरू झालें. पुढें आपल्याकडे तें फियाटच्या पुंटो व लिनिया, टाटांच्या व्हिस्टा व झेस्ट अशा गाड्यांत बसलें, आणि मारुतीनें परवाना घेऊन तेंच हरियाणांत बनविलें व स्विफ्ट आणि डिझायर यांत घातलें. एकच इंजिन इतक्या घरीं नांदूं लागल्यामुळें मोटारीच्या शोकिनांनीं त्यास 'राष्ट्रीय इंजिन' असें थट्टेचें नांवहि देऊन टाकिलें. एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, मारुतीनें डिझेलचा संसारच आटोपला, आणि तेव्हांपासून हें इंजिन पाहिजे असेल त्यानें जुन्या बाजाराचा रस्ता धरावा, अशी स्थिति आहे.

आम्हांस तो रस्ता धरावा लागला तो आमच्या पुतण्यासाठीं. वय तेवीस, रसायनशास्त्राची पदवी नुकतीच पदरांत पडलेली, नोकरी लोटे परशुरामच्या कारखान्यांत आणि बिऱ्हाड चिपळुणांत. कामाच्या पाळ्या अवेळीं असल्यानें एस. टी. चें वेळापत्रक त्यांशीं जुळत नाहीं. महिन्यांतून दोनदां तरी त्यानें पुण्यास यावें हा आमच्या मातोश्रींचा आग्रह, आणि मोटारसायकलवरून घाट चढूं नये ही त्यांचीच अट. त्यांचें वय शहाऐंशी. या वयांत आग्रह व अट या दोहोंस सारखाच मान द्यावा लागतो. शिवाय त्यांनीं आपली मुदतठेव मोडून दोन लाख रुपये काढून ठेविले. दीड लाख त्याच्या वडिलांनीं दिले. उरलेले त्याच्या पगारांतून हप्त्यांनीं फिटावयाचे. एकूण साडेपांच लाखांच्या आंत काम झालें पाहिजे होतें, आणि म्हातारपणची ठेव कांहीं दोनदां मोडतां येत नाहीं.

प्रथम प्रश्न आला तो डिझेलच कां, हा. पूर्वींचें उत्तर सोपें होतें. सरकार डिझेलची किंमत दाबून धरीत असे. ऑक्टोबर २०१४ मध्यें तें नियंत्रण उठलें आणि दोन तेलांमधील दरी बरीच बुजली. तरीहि २०२५ सालीं पुण्यांत पेट्रोल १०४ च्या आसपास व डिझेल ९० च्या आसपास होतें. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. लोट्यास जाऊन-येऊन रोजचे चौतीस किलोमीटर, पुण्याच्या दोन फेऱ्यांचे साडेनऊशें. महिन्यास अठराशें होतात. घाट व गर्दी धरून पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा देईल, डिझेलची वीस. म्हणजे एकीकडे साडेबारा हजार रुपये आणि दुसरीकडे आठ हजार शंभर. वर्षाचे पन्नास हजार वांचतात. त्यांतून डिझेलच्या दुरुस्तीचा जादा खर्च वजा केला तरी हप्त्याचा मोठा वांटा निघतो. हाच मुलगा कोथरुडांत राहून डेक्कनवर नोकरीस असता, तर आम्हीं त्यास डिझेलच्या वाऱ्यासहि उभें केलें नसतें. रोज चार किलोमीटर चालणाऱ्या डिझेल मोटारीचें पोट कधीं साफ होत नाहीं. विशेषतः २०२० नंतरच्या गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी जी गाळणी असते, ती लांब पल्ल्याची दौड मिळाली नाहीं म्हणजे तुंबते. सी. एन. जी. चा विचारहि झाला. परंतु सामानाची जागा टाकी खाते व पंपावरील रांग वेळ खाते, म्हणून तो मागें पडला.

पुण्यांत जुन्या मोटारींचीं दुकानें आतां हडपसरपासून बाणेरपर्यंत कोठेंहि दिसतात. रंगीत पताका, धुऊन पुसून चमकविलेल्या गाड्यांच्या रांगा आणि "साहेब, सिंगल ओनर आहे" हा मंत्र. दोन रविवार आम्ही या रांगांतून हिंडलों. एका अंगणांत 'डी. एल.' पाटीच्या तीन गाड्या आश्चर्य वाटण्याइतक्या स्वस्त होत्या. स्वस्ताईचें कारण राजधानींत आहे. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस दिल्ली-प्रदेशांत मनाई केली, २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली, आणि २०२५ मध्यें तिचा पुन्हां विचार होऊन तींत फेरफारहि झाले. या घालमेलींत तेथील गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर प्रांतांत उतरूं लागल्या. त्या सर्वच वाईट असतात असें नव्हे. परंतु दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या गाडीस येथला कर नव्यानें भरावा लागतो, नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि हा खर्च विक्रेत्याच्या तोंडून शेवटीं निघतो.

दुसऱ्या ठिकाणची डिझायर आम्हां सर्वांस आवडली होती. पुतण्या तर मनानें तींत बसून लोट्यास पोंचलाहि होता. मीटरवर ६२,००० किलोमीटर. परंतु क्लच व ब्रेक यांच्या पायपट्ट्यांचें रबर पार गुळगुळीत आणि चालकाच्या आसनाची कड बसलेली. ज्या गाडीचें तळवे झिजले आहेत तिनें प्रवास थोडा केला, हें कोण मानील? आम्हीं अधिकृत सर्व्हिसची नोंद मागितली. ती निघाली तेव्हां तीन वर्षांपूर्वींच १,१०,००० चा आंकडा लिहिलेला. गाडी मूळची टॅक्सी; पिवळी पाटी काढून पांढरी लाविलेली. त्या दुकानाचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण असलीं दुकानें सर्वच शहरांत असतात.

यानंतर आम्ही शहाणपण विकत घ्यावयाचें ठरविलें आणि नाना पेठेंत गेलों. मोटारींच्या सुट्या भागांची ही पुण्यांतली जुनी पेठ. तेथील गल्ल्यांतून ऑइल, रबर आणि चहा यांचा संमिश्र वास दरवळत असतो, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातांतील मोडका तुकडा पाहून गाडीचें कूळ सांगतो. तेथें एक वृद्ध मिस्त्री आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनीं पुतण्यास समोर स्टुलावर बसविलें आणि तासभर शिकवणी घेतली. ती येथें आठवेल तशी देतों.

गाडी पाहावयास सकाळीं जावें, आणि मालकास आधींच सांगावें कीं, इंजिन गरम करून ठेवूं नका. बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तें कोमट लागलें तर चहा पिऊन परत यावें. थंड इंजिन पहिल्या झटक्यांत सुरू झालें पाहिजे. धूर पाहावा : काळा धूर म्हणजे तेल पुरतें जळत नाहीं, इंजेक्टर किंवा हवेची वाट तपासा, निळा म्हणजे इंजिन स्वतःचें ऑइल पितें, पांढरा धूर दहा मिनिटांनींहि थांबला नाहीं तर हात जोडावे व निघावें. इंजिन चालू असतां ऑइल भरण्याचें झांकण हलकेंच उघडावें. तेथून धुराचे लोट भसाभसा येऊं लागले, तर पिस्टनच्या कड्या गेल्या असें समजावें. ऑइल काळें दिसलें म्हणून भिऊं नये, डिझेलचें ऑइल चार दिवसांत काळें होतेंच. या इंजिनांत पट्टा नसून साखळी असते; ती टिकते, परंतु मालकानें ऑइल वेळेवर बदललें असेल तरच. थंड इंजिनांतून खडखड ऐकूं आली, तर साखळी सैल झाली असण्याचा संभव. आणि सर्वांत शेवटीं, गाडी सपाटीवर पाहूं नये, चढावर पाहावी. "सपाटीवर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात, साहेब," असें ते म्हणाले.

चिपळुणास जावयाचें म्हणून त्यांनीं आणखी एक गोष्ट बजाविली. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी व शिव या नद्यांनीं चिपळूण शहर बुडविलें, तेव्हां दारांत उभ्या असलेल्या मोटारी छतापर्यंत पाण्याखालीं गेल्या. त्यापूर्वीं ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापुराकडे तोच प्रकार झाला होता. अशा गाड्या धुऊन पुन्हां बाजारांत येतात. वरून कांहीं ओळखूं येत नाहीं. त्यासाठीं आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण त्याच्या तळाची मातकट रेघ कोणी धूत नाहीं. आणि डिकींतील सुट्या चाकाखालचा खळगा बोटानें चांचपावा. पुतण्याच्या घरमालकांनीं स्वतः त्या दिवशीं पहिल्या मजल्यावरून आपली मोटार तरंगतांना पाहिली होती; त्यांनींहि हाच सल्ला दिला.

शेवटीं गाडी मिळाली ती कऱ्हाडास, एका निवृत्त प्राध्यापकांकडे. २०१८ ची डिझायर, 'एम. एच. ५०', मीटरवर ७८,००० आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेवारीनें फाइलींत लाविलेली. मातोश्रींनीं "त्या हवेच्या पिशव्या आहेत ना?" असें फोनवर विचारलें. २०१७ पासूनच्या डिझायरमध्यें दोन एअरबॅगा व ए. बी. एस. सर्वच प्रकारांत येतात, म्हणून आमचें उत्तर तत्काळ तयार होतें. त्याआधींच्या स्वस्त प्रकारांत त्या नसत, हें तरुण गिऱ्हाइकांनीं ध्यानांत ठेवावें. चकचकीत चाकें मागाहून बसवितां येतात, या मागाहून येत नाहींत.

प्राध्यापक महाशय सज्जन. मिस्त्रींची अट ऐकून ते स्वतः मागें बसले आणि आम्ही पाटणमार्गें कोयनानगरकडे निघालों. आश्विनाचा आरंभ होता. कोयनेच्या खोऱ्यांत भात पिवळें पडूं लागलें होतें. हेळवाक मागें पडलें, आणि कुंभार्लीच्या माथ्यावर गाडी थांबविली तेव्हां खालीं कोंकण अर्धें ढगांत होतें. याच डोंगराच्या पोटांत कोयनेची वीज तयार होते, वरचें धरण सांठवितें आणि पाणी पश्चिमेकडे पोफळीस उतरतें, ही मनुष्याची करामत. परंतु धुकें क्षणभर फाटून वाशिष्ठीचें खोरें दिसलें, तेव्हां ती आठवली नाहीं. हा घाट सुंदर आहे, तसाच तो तीव्रहि आहे. वळणें आंखूड, कडेला शेवाळ, आणि समोरून उसाचे व मालाचे ट्रक.

पुतण्यानें गाडी पोफळीपर्यंत उतरविली. गिअर दुसरा-तिसरा ठेवून, इंजिनाच्याच आधारानें. न्यूट्रलमध्यें टाकून डिझेल वांचविण्याचें शहाणपण त्यास आम्हीं आधींच सोडावयास लाविलें होतें. मग गाडी वळवून तोच घाट चढावयाचा. या इंजिनाचा एक स्वभाव येथें कळतो. दोन हजार फेऱ्यांच्या खालीं तें आळशी; टर्बोचा वारा भरेपर्यंत ढिम्म हलत नाहीं, आणि भरल्यावर एकदम उसळतें. पहिल्या दोन वळणांस पुतण्या तिसऱ्यांतच राहिला, गाडी गुदमरली, मागचा ट्रक जवळ आला. "अहो, दुसरा टाका, दुसरा," असें मागून प्राध्यापक म्हणाले. आठ वर्षें त्यांनीं हाच घाट चढला होता. पुढचीं वळणें त्यानें दुसऱ्यांत नीट घेतलीं. माथ्यावर झांकण उघडून पाहिलें : धूर नाहीं, गळती नाहीं, उष्णतेची सूचना देणारा तांबडा दिवा विझलेला. पट्ट्याचें शेवटचें टोंक कोरडें व स्वच्छ. सौदा पांच लाख दहा हजारांस ठरला.

कागदपत्रांचें काम थोडक्यांत सांगतों. नमुना २९ व ३० वर सह्या, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला, आणि मालकी बदलल्यावर चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवावर. जुन्या मालकाची विम्यांतील सवलत गाडीबरोबर येत नाहीं, ती त्याचीच राहते. तृतीय पक्षाच्या विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. हजार ते दीड हजार घनसेंटिमीटरास २०२२ च्या आदेशानें तो ३,४१६ रुपये झाला. इंग्लंडांत शिकणाऱ्या आमच्या भाच्यास हें ऐकून हेवा वाटला. तेथें विमा कंपनी प्रथम चालकाचें वय विचारते, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलास जुन्या गाडीच्या किंमतीइतका हप्ताहि सांगूं शकते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ही गाडी २०३३ पर्यंत निश्चिंत आहे.

पहिली टांकी काठोकाठ भरून, दुसऱ्यांदां भरतांना हिशेब केला. घाट दोन वेळां धरून लिटरला २०.४ किलोमीटर पडले. कंपनीनें छापलेला २८.४ चा आंकडा परीक्षागृहांतला, तो तेथेंच राहूं द्यावा. ऑइल व गाळण्या मिस्त्रींनीं लगेच बदलल्या. पुढचा बदल ८८,००० वर करावयाचा आहे, आणि तो आंकडा मातोश्रींनीं देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर स्वतःच्या हातानें लिहून ठेविला आहे.